न फवारलेली बांधी

"मोजल्याबिगर सांगत नाही, सर." काहीही विचारा, त्या शेतकरी गृहस्थांचं उत्तर हेच. एकदा साकोलीची बस कधी येते म्हणून विचारलं, तेव्हाही.

एकोडीकडे तुमचं जाणं असेल तर तुम्हीही त्यांना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाहिलं असेल. खांद्यावर दुपट्टा, खिशात वही, आणि धानाचा पोंगा, किडीने पोकळ नळी झालेला कोंब, अंगठ्याच्या नखाने उभा चिरत वाकलेले. आत गादमाशीची अळी दिसली की वहीत एक रेघ. "पोंगा झाला का त्याले लोंब येत नाही. मंग किती बी फवारा," हे त्यांनीच मला शिकवलं.

गावात गादमाशीवरचा एक प्रकल्प परदेशी विद्यापीठाच्या भागीदारीत चालला होता. तुलनेसाठी या गृहस्थांनी आपली एक बांधी, धानाच्या शेताचा एक तुकडा, दिली होती. तिच्यात औषध मारायचं नाही, असं ठरलं होतं. शेजारी टोमणे मारत, "काहून गा भाऊ, किडे पोसून राहिला का?"

"पोसून राहिलो ना. विलायतेचे पाहुणे हायेत."

प्रकल्पातून काय साधलं ते तपासायला मला पाठवलं, तेव्हा तो संपून वर्ष झालं होतं. हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं. कळवलंच असेल, असं धरून मीही बोललो नाही. माझे छापील प्रश्न संपल्यावर त्यांनी वह्यांचा गठ्ठा पुढे सरकवला.

"आमच्या मोजणीतून काय निंगालं, सर? गावाले सांगाचं हाय."

"अहवाल मराठीत करून आणतो," मी म्हणालो.

"पाहा बरं. मोजल्याबिगर शब्द देऊ नोका."

अहवालात त्यांच्या साऱ्या रेघांचा अर्ध्या पानाचा तक्ता झाला होता. खाली माझंच वाक्य होतं : भागीदारी फलदायी ठरली. गावाला सांगण्यासारखी एकही ओळ मला त्यात सापडली नाही. भाषांतर टेबलावर पडून राहिलं. श्रावणात ते वारल्याचं कळलं.

भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी मला धुऱ्यावर घेऊन गेल्या. भोवतालचा धान हिरवा होता. मधल्या एका बांधीत कांद्याच्या पातीसारखे पांढुरके पोंगे उभे होते.

"आता हिच्यात फवारू का, सर? थे म्हणत, सर सांगतपर्यंत हात लावाचा नाही. निकाल अजून याचा हाय."

पाठीवर पंप घेऊनच त्या आल्या होत्या.

"फवारा," मी म्हणालो.