तांबाऱ्यावरचे दोन दिवस

वाईच्या छापखान्यात आकाराम बावीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होता. लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या आजोबाचं नाव चुकलं, तर आजोबांच्या आधी आकारामच्या लक्षात यायचं. त्याच्या हातून ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

सन त्र्याण्णवच्या हिवाळ्यात उंब्रजचे केरबा सुभेदार एसटीतून उतरून एक जाडजूड वही घेऊन आले. पलटणीतून निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं त्यांनी 'तांबारा' नावाच्या दूरच्या ग्रहगोलाची हकीगत लिहिली होती. दुसरी प्रत नव्हती.

मालकांनी वही चाळली आणि आकारामपुढं टाकली. "ह्यात एका पानाचा दुसऱ्याला मेळ नाही. शनिवारपर्यंत बसला तर छापू, नाहीतर सुभेदारांना परत देऊ."

आकाराम कामाला लागला. चौथ्या पानावर लिहिलं होतं, 'तांबाऱ्यावर दोन दिवस आहेत.' एकोणिसाव्या पानावर दर आठव्या दिवशी बाजार. आठवड्यात दिवसच दोन, तर आठवा आणायचा कुठून? त्यानं 'आठव्या'चे खिळे काढून 'दुसऱ्या'चे बसवले. एकतिसाव्यावर माणसाला दोन सावल्या. म्हाताऱ्याचा चष्मा बदलायला झाला असावा, असं म्हणून त्यानं एक सावली कापली. पुढं आलं, 'धाकटा दिवस थोरल्याच्या मागं चालतो.' हे सरळ होतं. थोरला म्हणजे आज, धाकटा म्हणजे उद्या.

पण बावन्नाव्या पानावर आज आणि उद्या दोघं एकाच वेळी डोंगराला टेकले, आणि तिथं आकारामची अक्कल टेकली.

शुक्रवारी संध्याकाळी तो घरी प्रूफ घेऊन बसला. त्याची बायको शालूबाई भाकरी थापत होती. तिचं माहेर उंब्रजचं.

"सुभेदारांची वही उद्या परत जाणार बघ," तो म्हणाला. "दोन दिवस डोंगराला टेकतात म्हणे."

"मग टेकतील की. दिवस मावळताना डोंगराला न्हाई टेकायचा तर काय चुलीला टेकायचा?"

"अगं, दोन दिवस."

"आवं, दोन सूर्य असतील त्या मुलखाला. दिवस मावळायच्या आत घरी येतो म्हणून रोज सांगून जाता, तवा कोण मावळतं वो? सोमवार?"

आकारामनं प्रूफ पुन्हा चौथ्या पानापासून चाळलं. सगळी पानं एकदम जागेवर बसली. आठवा दिवस, दोन सावल्या, धाकटा आणि थोरला. चूक होती ती फक्त त्याच्या दुरुस्त्यांत. जेवण तसंच ठेवून त्यानं प्रूफावरची आपली एकेक दुरुस्ती खोडली.

शनिवारी दुपारी केरबा सुभेदार निकाल ऐकायला आले. मालकांनी मान डोलावली. आकारामनं मात्र सुभेदारांना बाजूला घेतलं. "मेळ बसला. पर सावल्या कशा पडतील ह्ये नेमकं कसं सुचलं तुमाला?"

"सुचतंय कशाला? बघितलंय. चल घाटावर."

दिवस कलला होता. वारा पडला होता आणि कृष्णेचं पाणी परातीतल्या तुपासारखं थिजलं होतं. सुभेदारांनी त्याला नदीकडं तोंड करून भिंतीपाशी उभं केलं. एक सूर्य आभाळात, एक पाण्यात.

"आता माघारी बघ."

आकाराम वळला. भिंतीवर त्याची काळी सावली होती. तिच्या वर हातभर सरकून दुसरी, फिकट, पाण्यातल्या उजेडानं पाडलेली. त्यानं हात उचलला. दोन हात उचलले गेले. पाणी किंचित हललं तशी वरची सावली थरथरली, खालची जागची हलली नाही. ह्याच घाटावर तो जन्मभर आंघोळ करत आला होता.

"धाकटा जरा चंचल असतोय," सुभेदार म्हणाले.

थोरला आणि धाकटा एकमेकांकडं सरकत होते, आणि भिंतीवरचे दोन आकारामही.

दोन्ही दिवस मावळल्यावर तो छापखान्यात परतला. एकतिसाव्या पानाच्या जुळणीतून 'एक सावली' उपसली, खणातून खिळे वेचले, आणि 'दोन सावल्या' जुळवताना हाताकडं न बघता जुळवणारा आकाराम एकेक अक्षर उजेडात धरून बघत बसला.