डावीकडची वाटी

मागचं चाक डुगडुगायला लागलं म्हणून सायकल दुकानात नेली. मिस्त्रींनी हब उघडला, काळं वंगण पुसलं आणि छर्रे बसतात ती वाटी मला दाखवली.

"काका, डावीकडची जास्त झिजलीय. कॅरिअरवर कोणी एका बाजूला बसायचं का?"

माझी बायको बसायची. वीस वर्षं, दोन्ही पाय डावीकडे सोडून, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. ती गेल्याला आता वर्ष होईल. तिचं बसणं या लोखंडाने जपून ठेवलं असेल, हे मला कुठे ठाऊक होतं.

"नुसती वाटी मिळत नाही आता. हब बदलू, की तयार चाकच टाकू?"

हब बदलला. चाक आता सरळ फिरतं. मी मात्र अजून, तोल सांभाळायला, थोडा उजवीकडे झुकूनच चालवतो.