पुनियाबाईचं दार

भट्टीची लाल धूळ कशी बसते, हे भिलाईत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव काढता येतं. आमच्या लिलावाच्या शेडमध्ये किस्सेही तसेच बसत गेले. एक सांगून झटकला की त्याच्या जागी दुसरा तयार! घरी ते सांगायची सोय नव्हती. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि देव, भूत, नवस, अंगारा सगळं एकाच दिवशी घराबाहेर काढलं. म्हणून मी कशाचाही अर्थ लावत नाही. दिसलं तेवढं सांगतो.

शेड बापूरावांची. रेल्वेच्या मालगोदामात बेवारस पार्सलांचा लिलाव पुकारून त्यांचा आवाज तयार झाला होता. रिटायर झाल्यावर ते मजुरांच्या कॅम्पच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून बसले. पोलादाच्या कारखान्यासाठी गावं उठत होती. उठणारे लोक नक्षीची दारं, खांब विकून टाकत. बस्तरकडून व्यापारी पितळी मूर्ती आणि लाकडी मुखवटे आणत. टाऊनशिपमधले साहेब लोक आणि रशियन इंजिनीयर रविवारी येऊन बोली लावत. मी सातवीत शाळा सोडलेला. माझं काम एकच, लॉटवर खडूनं नंबर टाकायचा आणि पुकारा होईपर्यंत तो सगळ्यांना दिसेल असा धरून उभं राहायचं. बोलावं लागत नसे, म्हणून ते मला जमलं.

मागच्या बाकावर दर रविवारी पुनियाबाई येऊन बसायची. तिचं गाव कारखान्यात गेलं होतं. हातात पाण्यानं भरलेला पितळी लोटा. मला वाटायचं, म्हातारीला तहान फार लागत असेल. पण ती त्यातलं पाणी कधी प्यायली नाही. ती कधी बोलीही लावायची नाही. दारं निघाली की तेवढी उठून जवळ यायची, हात फिरवायची आणि परत जाऊन बसायची.

एकदा बापूरावांनीच तिला विचारलं. तेव्हा कळलं, की गाव उठायच्या आधीच तिचा मुलगा मजुरांच्या टोळीबरोबर आसामच्या चहाबागेत गेला होता. गाव राहिलं नाही हे त्याला माहीतच नव्हतं. "आही त काला चिन्ही?" ती म्हणाली. आला तर ओळखणार काय? घर गेलं, पिंपळ गेला, तळं बुजलं. विकलेलं दार तेवढं कुठंतरी असेल. ते मिळालं तर ती नव्या झोपडीला लावणार होती. आणि दारी आलेल्याला पाय धुवायला लोटाभर पाणी द्यायचं, ही तिच्या गावची रीत. म्हणून लोटा.

*

पहिला किस्सा घोडेस्वाराचा.

बस्तरहून आलेला हा पितळी घोडेस्वार वीतभर उंचीचा होता. मी त्याला फळीवर दाराकडे तोंड करून ठेवायचो. सकाळी येऊन पाहावं तर स्वारी दक्षिणेकडे वळलेली. बापूरावांना वाटलं, मीच चाळा करतो आहे.

"कावून रे सुदाम, याले उलटा कावून ठेवून राहिला?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी स्वतःच्या हातानं तो सरळ ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग बापूरावांनी मला काही विचारलं नाही.

तो एका रशियन इंजिनीयरनं घेतला. चारसहा रविवार गेल्यावर साहेब पुन्हा आला. बापूरावांनी भीत भीत विचारलं, की घोडा ठीक आहे ना? साहेबाची हिंदी कामापुरतीच होती. तो म्हणाला, मी खिडकीकडे ठेवतो, तो बस्तरकडे वळतो.

बापूराव लगेच वस्तू परत घ्यायला तयार झाले. साहेबानं हातानं नको म्हटलं.

"रहने दो," तो म्हणाला, आणि उत्तरेकडे बोट दाखवलं. "मैं भी उधर मुँह करके सोता हूँ."

*

मुखवटा कुणी चेहऱ्याला लावायचा नाही, हा शेडचा नियम होता. नियम का, ते बापूराव सांगत नसत.

नागपूरकडचा एक ठेकेदार होता, जरा मोकळ्या स्वभावाचा. वस्तू बघायच्या वेळात त्यानं एक काळा लाकडी मुखवटा उचलला आणि मी नाही म्हणेपर्यंत तोंडाला लावलासुद्धा. दोस्त हसायला लागले. तो मान फिरवत फिरवत सगळ्यांकडे बघत होता. मागच्या बाकापाशी त्याची मान थांबली. मग त्यानं हळूच मुखवटा काढला.

"बापूराव, मांगं एवढे लोक बसले होते. कुठं गेले?"

मागे एकटी पुनियाबाई होती.

"जातीन कुठं?" बापूराव म्हणाले. "तुम्ही मुखवटा काढला ना."

ठेकेदार उसनं हसला. तोवर पुनियाबाई उठून त्याच्यापाशी आली होती. तिनं त्याची बाही धरली.

"ओमा एक झन जवान रिहिस का? डेरी कान मा बाली?"

त्यांच्यात कुणी तरणा होता का, डाव्या कानात बाळी असलेला? ठेकेदारानं आठवून सांगितलं, की नाही बाई, सगळे म्हातारेच होते.

पुनियाबाईनं त्याची बाही सोडली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"त जियत हे," ती म्हणाली.

म्हणजे जिवंत आहे.

*

या प्रकारानंतर बापूराव मागच्या बाकाकडे बघायचं टाळायचे. पण पुकारणाऱ्याला सगळीकडे बघावंच लागतं.

लॉट अगदी साधा, बैलाच्या गळ्यातली लाकडी घंटा. कुणी बोलत नव्हतं. बापूराव ती बाजूला ठेवणार, तेवढ्यात बोली आली म्हणून त्यांनी मागच्या बाकाकडे हातोडा रोखला. मग ते एकटेच पुकारत गेले, एक, दोन, तीन, आणि हातोडा टाकला.

"पांढऱ्या फेट्यावाले बाबाले दे," ते मला म्हणाले.

मी घंटा घेऊन मागे गेलो. तिथं पांढरा फेटा नव्हता आणि बाबाही नव्हता. मी उभाच राहिलो. पुनियाबाईनं जरा सरकून शेजारची मोकळी जागा दाखवली. मी घंटा तिथं ठेवून परत आलो. दुसरं काय करणार?

शेड बंद करताना बाकावर घंटा नव्हती. तिथं मूठभर धान पडलं होतं. दिवस ऐन वैशाखाचे, आसपास कुठंही धान उभं नव्हतं, आणि हे तर ओलं, नुकतं कापून आणल्यासारखं. पुनियाबाईनं ते हातात घेऊन वास घेतला. आमच्या शिवारातलं आहे, म्हणाली. तिच्या शिवारावर आता भट्टी उभी होती.



"बोली पक्की," बापूराव एवढंच म्हणाले.

*

आणि मग एका आठवड्यात ते दार आलं.

दुर्गच्या एका व्यापाऱ्याच्या बैलगाडीतून चौकटीसकट उतरलं. सागवानी, दोन फळ्यांचं. बाहेरच्या अंगाला पोपट कोरलेले आणि मध्ये वाजवायची लोखंडी साखळी. एका पोपटाची चोच तुटलेली. पुनियाबाईनं त्या तुटक्या चोचीवर अंगठा ठेवला आणि तो उचलेचना. चोच तिच्या मुलानं विटीदांडू खेळताना उडवली होती.

दार व्यापाऱ्याचं. ते तिला तसंच देणं बापूरावांच्या हातात नव्हतं. त्यांनी व्यापाऱ्याची मनधरणी करून पाहिली, पण तो ऐकेना. रविवारी दार टाऊनशिपमधल्या एका साहेबाकडे गेलं.  पुनियाबाईच्या लोट्यातलं पाणी हिंदकळून बाकावर सांडत राहिलं.

साहेबाच्या बाई पुण्याकडच्या. त्यांनी ते दार बैठकीच्या भिंतीला उभं केलं, पोपट खोलीकडे आणि पाठ भिंतीला. पावसाळा संपायच्या आत त्या स्वतः शेडमध्ये आल्या. दार परत न्या म्हणाल्या.

दुपारची पाळी सुटल्याचा भोंगा झाला, की साखळी वाजायची. आधी त्यांना वाटलं, कुणी आलं. त्या पुढचं दार उघडत, बाहेर कुणी नसे. मग वाटलं, पंख्याचा वारा. पंखा बंद करून पाहिला. भिंतीच्या मागं उंदीर असतील म्हणून दार हलवूनही पाहिलं.

"मग माझ्या लक्षात आलं," बाई म्हणाल्या. त्या अगदी हळू बोलत होत्या. "साखळी तर दाराच्या बाहेरच्या अंगाला असते. आणि बाहेरचं अंग आमच्या खोलीकडे आहे. तो बाहेर नाहीये हो. तो आमच्या बैठकीत उभा आहे, आणि त्याला आत जायचंय."

*

आता त्या रविवारचं सांगतो.

बाईंनी दार पुन्हा लिलावालाच लावलं होतं. साहेबांचं तसं म्हणणं होतं. मी ते शेडच्या पत्र्याला चौकटीसकट टेकवलं, पोपट लोकांकडे. पत्रा आणि दार यांच्यामध्ये माणूस तिरका होऊन जेमतेम मावेल एवढीच जागा. फळीवर खडूनं नंबर टाकला. कलकत्त्याचा एक व्यापारी आला होता. त्याच्यासमोर कुणाचं चालेना. दार कलकत्त्याला गेलं असतं तर पुन्हा दिसलं नसतं, हे शेडमधल्या सगळ्यांना कळत होतं. पुनियाबाई मागे लोटा धरून बसली होती.

"एक," बापूराव म्हणाले. 

मग म्हणाले, "दोन."

पाळी सुटल्याचा भोंगा झाला. तो थांबला, आणि माझ्या डोळ्यांसमोर, माझा हात चौकटीवर असताना, साखळी उचलली गेली आणि लाकडावर आपटली. जराशी थांबून पुन्हा आपटली. घरचा माणूस वाजवतो तशी, घाई न करता.

लोक खुर्च्यांवर जिथल्या तिथं होते. पुनियाबाई उठली. कुणाला धक्का न लावता रांगांमधून पुढे आली, अंग चोरून दाराच्या मागे गेली. आतून आगळ सरकवल्याचा आवाज आला. आगळ त्या दाराला नव्हती, दुर्गच्या व्यापाऱ्यानं ती आधीच काढून घेतली होती.

दोन्ही फळ्या तिच्याकडे ओढल्या गेल्या. ती उंबऱ्यात उभी होती. आमच्याकडे बघत होती, पण आमच्यातल्या कुणाकडे नाही. आपल्यापेक्षा उंच माणसाकडे बघताना मान जेवढी वर करावी लागते, तेवढी तिची वर होती.

"अतका बेर कर देस रे," ती म्हणाली. किती उशीर केलास रे.

ती वाकली आणि तिनं उंबऱ्याबाहेर लोटा ओतला. पाणी सिमेंटवर पसरलं, माझ्या चपलांखाली आलं, पहिल्या रांगेपर्यंत गेलं. उंबऱ्यासमोर मात्र ते दोन ठिकाणी अडलं. दोन पावलांएवढी जागा कोरडी राहिली, टाचा आमच्याकडे आणि बोटं दाराकडे.

पुनियाबाई वाट देऊन बाजूला सरली. अडलेलं पाणी त्या दोन्ही कोरड्या जागांत शिरलं.

मग फळ्या मिटल्या आणि आतून आगळ लागली.

"तीन बोलिए ना," कलकत्त्याचा व्यापारी म्हणाला.

बापूरावांनी हातोडा ठेवला. ते ओल्यावरून दारापाशी गेले आणि खडूचा नंबर पुसायला त्यांनी धोतराचा सोगा हातात घेतला. पण हात लावायच्या आधी, दुसऱ्याच्या दारी गेल्यावर करतात तसे, हळूच खाकरले.