जीपच्या पाठीला स्टेपनी, पोटात पाळणा : मोताळा ते सुलतानपूर

नातीचं बारसं सुलतानपूरला आणि आम्ही राहणारे मोताळ्याचे. मधे राजूरचा घाट, बुलढाणा, चिखली, मेहकर. माणसं यष्टी बदलत बदलत जातात हो, पण सागवानी पाळणा काही यष्टीनं नेता येत नाही. म्हणून जीपनं निघालो. तुम्हालाही जीपनं लांब जायचं असेल तर हे नीट वाचा, कारण आमची अर्धी यात्रा स्टेपनी बांधण्यातच गेली.

आधी पाळण्याचं सांगते. आमच्या घरचं लेकरू बारशाला ह्याच पाळण्यात पडतं. सून लीला बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणजे पाळणाच तिकडे न्यायला हवा. पण आमचे हे म्हणाले, "पोरगी तं हाय. तिथीच कोणाचा मांगून घेतीन. येवढं लाकूड कशाले हालवता?"

माझी थोरली, सुमती, अशीच माझ्या माहेरी झाली होती. तेव्हा पाळणा आला नाही. लुगड्याच्या झोळीत तिचं नाव ठेवलं. पाठचा भास्कर झाला, तेव्हा तोच पाळणा बैलगाडीतून वाजतगाजत आला! आता भास्करचीच लेक आहे आणि आत्या म्हणून नाव सुमतीनं ठेवायचं आहे. पाळणा न्यायचाच, असं मी मनात धरलं.

जीप भास्करची, लष्कराच्या लिलावातली. काळ्या मातीत फसायची म्हणून त्यानं तिला मोठाली चाकं बसवली. तेवढीच मोठी स्टेपनी. ती बाजूच्या जुन्या अडकणीत मावेना, म्हणून मागं आडवी पडून असायची. आता तिथं पाळणा ठेवला. मग स्टेपनी कुठं ठेवणार? भास्करनं मागच्या फाळक्याला, म्हणजे खाली पडणाऱ्या दाराला, भोकं पाडली आणि बोल्ट आवळून ते भलंमोठं चाक तिथंच ठोकलं.

मी म्हटलं, "बाबू, पत्रा हाय हा. म्हैस कापसाच्या पऱ्हाटीले बांधून राह्यला तू."

"माय, तू पाळण्याचं पाह्य. चाकाचं मी पाह्यतो."

बरं बाबा. पाळण्याचं मी पाहिलं. रिकामा पाळणा हलू देऊ नये आणि जीपमधे तर तो हलणारच. बारशाला वरवंटा लागतोच, तो आत निजवला. सुमतीनं त्याला टोपडं घातलं आणि वरून दुपटं पांघरलं. पाळण्याच्या साखळ्या पायाशी पोत्यात ठेवल्या. ह्यांना म्हटलं, चला की. तर म्हणे ढोरांकडे कोण पाहीन?

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी बरीच थंडी होती आणि शेतात बाया कापूस वेचत होत्या. राजूर घाटात पोट हलकं ठेवा, एवढं माझं ऐका, मळमळतं. तर घाट चढतोय, मागं धाड धाड आवाज होतोय, आणि एक गाडीवान बैल थांबवून ओरडला, "ओ मालक! तुमची गाडी पाठीकून बाळंत होऊन राह्यली!"

उतरून पाहतो तर फाळका अर्धा लोंबत होता. त्याचे आकडे सरळ झालेले, पत्र्यातली भोकं फाटून ही एवढाली. सुमतीला हसू आवरेना. भास्करचं तोंड मात्र उतरलं. लेकीला त्यानं अजून पाहिलंसुद्धा नव्हतं.

दोरानं आवळून कसंबसं बुलढाण्याला पोचलो. तिथं एका लाकडाच्या वखारीजवळ चहा घेतला. चहा गोड होता. भास्कर म्हणाला, "पाळणा इथी ओळखीत ठेवू. स्टेपनी आत घेऊ."

"काऊन? चाक ठेव ना इथी!"

"माय, मेहकरच्या पुढी बाभळीचे काटे हायत. पंचर झालं तं ना आत्या पोचन, ना बाप."

खोटं बोलत नव्हता. मी पदराचं टोक चावत बसले. सुमती पाळण्याचा कठडा धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "भाऊ, त्या साखळ्या काऊन नाई लावत चाकाले?"

"त्या पाळण्याच्या हायत, ताई."

"पाळणा टांगेपावतर रिकाम्याच हायत ना? तुह्या वक्ताले वाजत गेल्या त्या. आज माह्या कामी येऊ दे."

भास्कर वखारीत गेला आणि बाभळीची जाड फळी घेऊन आला.

आता हे ध्यानात ठेवा. पत्र्याच्या आतून फळी द्यायची आणि लांब बोल्ट फळीतून काढायचे, म्हणजे भार एकट्या पत्र्यावर येत नाही. चाक आणि फाळका यांच्यात गोणपाट कोंबायचं, आदळत नाही. आणि चाकाच्या भोकांतून साखळ्या ओवून जीपच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना नट-बोल्टनं ताणून बांधायच्या. टायर मोठा असला की त्याचं वजन वरून तोलून धरावं लागतं. फाळका दार आहे, त्याला खांदा समजू नका.

मग मात्र जीप गुमान चालली. चिखलीला भाकर, ठेचा आणि तिळाची चटणी खाल्ली. हॉटेलवाल्यानं कांदा फुकट दिला आणि वरवंट्याचं टोपडं बघून विचारलं, "पोरगं लयच शांत हाय, काय देता त्याले?" मेहकरला पैनगंगेचं पाणी डोळ्याला लावलं, बालाजीला जीपमधूनच हात जोडले. पुढचा रस्ता कच्चा आहे, तोंडाला पदर बांधा.

सुलतानपूरला पोचलो तर ओसरी बायांनी भरलेली, आणि तुळईला पाळणा टांगलेला! विहीणबाई म्हणाल्या, "उशीर झाला, म्हणून शेजारचा आणला. या, आता नाव ठेवूनच घेऊ."

आमच्या साखळ्या अजून चाकाला, नटांत धूळ भरलेली, पाना फिरेना. म्हणावं तरी काय त्यांना? त्यांचीही चूक नव्हती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून लीलाचा आवाज आला, "आई, मी थांबते. माही पोर तिच्या घरच्या पाळण्यात पडन."

बस्स. मग सगळं अंगण जीपकडं धावलं. कोणी घासलेट आणलं, कोणी हातोडी. भास्करची बोटं सोलली. साखळ्या सुटल्या, बायांनी त्या राखेनं घासल्या, गरम पाण्यानं धुतल्या. पाळणा टांगला. आधी वरवंटा फिरला, मग नात निजली. एवढीशी, लाल लाल, मूठ आवळलेली. सुमती वाकली आणि कानात म्हणाली, कुसुम. बायांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत दणादण धपाटे घातले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणे, "लयच जोरानं मारलं वं बायांनो!" कोणी मारलं नव्हतं तेवढं जोरानं.

दुसऱ्या दिवशी परतलो. पाळणा तिथंच राहिला, लीला येईपर्यंत. स्टेपनी आत आडवी. तिच्यावर पाय ठेवून बसले, ऐसपैस. काय काय आठवत होतं? रस्त्याची धूळ अंघोळीनं गेली, कंबर शेकून बरी झाली. त्या मुठीत माझं बोट गेलं होतं, ते मात्र अजून ऊन लागतं.

घरी आलो तर हे दारातच. "चाक टिकलं?"

भास्करनं सगळं सांगितलं. घाट, वखार, ताईचं बोलणं, सगळं. हे ऐकत राहिले. सुमतीकडं एकदा पाहिलं, मग जीपच्या मागं गेले, फळीवरून हात फिरवला.

"पोरीले आणाले जाशीन तवा पाळणा आतच राहीन ना? आन स्टेपनी इथी?"

"हाव, बाबा."

"मंग चाकाले दुसऱ्या साखळ्या घे. त्या कुसुमच्या हायत."