सज्ज्यातून उतरलेला सरदार

जर्मनीतल्या त्या खेड्यातल्या चर्चमध्ये वर सरदार घराण्याचा कोरीव सज्जा आहे आणि खाली गावकऱ्यांची साधी बाकं. चावी घेऊन आलेल्या आजी सांगत होत्या, "इथल्या एका सरदारानं पाववाल्याच्या मुलीशी लग्न केलं. घराण्यानं तिला आणि तिच्या मुलांना वर बसू दिलं नाही. मग जन्मभर तोच खाली बसला."

केवढं साधं बंड! नुसता एक जिना उतरायचा. माझ्या लग्नात विधवा आईला मागच्या रांगेत बसवलं, तेव्हा मला तेवढंही जमलं नाही.

"वर चला, तिथून छान दिसतं," आजी म्हणाल्या.

"नको," म्हणत मी खालच्या बाकावर ऐसपैस बसले.

पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न आहे. आई माझ्याशेजारी, पहिल्या रांगेत बसेल. ज्याला खुपेल त्यानं खुशाल मागं जाऊन बसावं.