चावतो का?

"हा चावतो का?" वाढदिवस साजरा करायला आलेल्या बाईंनी विचारलं. मला नाही. माझ्या डोक्यावरून, मागं उभ्या असलेल्या व्यवस्थापक साहेबांना. हातात केकचा तुकडा, माझ्या तोंडापासून वीतभर लांब धरलेला.

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. महाडच्या एमआयडीसीत पाळ्या केलेल्या. पोलादपूरच्या डोंगरातलं आमचं गाव. तिथल्या पूजेच्या नाटकात विनोदी कामं करून भल्या भल्या मुंबईकरांना खुर्चीवरून पाडलेलं. पुढं डोक्याचा आजार जडला आणि भावांनी या निवासात आणून सोडलं. इथं आम्हाला सगळे 'मुलं' म्हणतात. टक्कल पडलेली मुलं, दात पडलेली मुलं. बाहेरचे लोक स्वतःचे वाढदिवस आमच्यात येऊन साजरे करतात. केक कापेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. गाणं मोठ्यानं म्हणायचं.

तर, चावतो का? सगळे माझ्याकडं बघायला लागले. समोर प्रेक्षक दिसले की मला राहवत नाही. मी दोन्ही पंजे छातीशी घेतले, मान वाकडी केली आणि भुंकलो.

काय हशा पिकला! बाई आधी किंचाळल्या, मग पोट धरून हसल्या. मला केकचा दुसरा तुकडा मिळाला. साहेब म्हणाले, "हे आमचं सगळ्यात हुशार मूल."

तिथंच थांबलो असतो तर अपमान माझ्या एकट्याचा राहिला असता. पण नट रंगात आला होता.

शेजारी मजीद जेवत होता. महाडचा, चाळिशीचा, जन्मापासून समज थोडी कमी. त्याचा भाऊ आखातात. जाताना सांगून गेला होता, वीर स्टेशनला उतरलो की रिक्षा करून थेट तुझ्याकडंच येतो. मजीदनं तेवढंच धरून ठेवलं होतं.

मी ओरडलो, "मजीद, वीरवरनं रिक्षा आली रे!"

भाताच्या हातानंच तो उठला. कपड्यांची पिशवी उचलली आणि गेटकडं धावला. तिथं पाहुण्यांची मोटार होती. तिच्या काचेला तोंड लावून तो आत बघत राहिला. "भाय? भाय?" पाहुण्यांनी मोबाईल काढले. आणि मी? मी कमरेत वाकून मुजरा केला.

त्याला ओढत आत आणावं लागलं. तेव्हापासून कुठलीही मोटार आली की मजीद धावतो. मग त्यावर उपाय निघाला. पाहुणे यायच्या आधी मजीदला मागच्या खोलीत कोंडायचं, बाहेरून कुलूप. तो आतून दार बडवतो. ते ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही गाणं आणखी मोठ्यानं म्हणतो. सगळ्यात मोठा आवाज माझा.

एकदा साहेबांना म्हणालो, "सोडा हो त्याला. चूक माझी हाय."

"मग तू बसतोस का त्याच्या जागी?"

मी बसलो नाही. पाहुण्यांपुढं भुंकायच्या बदल्यात माझा जादा चहा चालू होता, गेटबाहेर टपरीपर्यंत जायची मुभा होती.

मग एका वाढदिवसाला आमचं गाणं चालू असतानाच दार बडवणं थांबलं. एकदम. मी गाणं सोडून मागच्या खोलीकडं बघायला लागलो.

साहेब म्हणाले, "काय रे, भुंक की! पाहुणे थांबलेत."

मी म्हणालो, "अहो म्हणा मला. आणि मागची खोली उघडा. आत माणूस हाय."

साहेब हसून पाहुण्यांना म्हणाले, "याची गोळी वाढवावी लागणार."

पाहुण्यांतले एक आजोबा विचारत होते, "कुठली खोली?" तेव्हा मुकाट्यानं किल्ली निघाली.

मजीद भिंतीला टेकून बसला होता. विजार ओली. दाराच्या आतल्या अंगाला रक्ताचे ठिपके, त्याच्या बोटांचे. पाहुण्यांतल्या एका बाईंनी नाकाला पदर लावला. मजीद आमच्यामधून वाट काढत गेटवर गेला.

मी त्याच्या मागं गेलो. म्हणालो, "मजीद, कोण नाय आलं रे. रिक्षा आली म्हणालो ते खोटं होतं."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. त्याला वाटलं, मी आत्ता खोटं बोलतोय. तो मोटारीच्या काचेतून पुन्हा आत बघायला लागला.

माझा चहा बंद झाला. टपरीही. गोळी खरंच वाढली. जीभ जड होते, हे लिहितानाही हात थरथरतो. मजीदला अजून कोंडतात.

सरकारी तपासणी आली की आम्हाला आंघोळी घालून, धुतलेले सदरे घालून ओळीनं बसवतात. मागच्या खोलीत तेव्हा गाद्या रचतात आणि तिला कोठार म्हणतात. या खेपेला मी ओळीत बसणार नाही. त्या दारापुढं उभा राहणार. एकही विनोद करणार नाही. गाद्या बाहेर काढा म्हणणार आणि दाराची आतली बाजू बघितल्याशिवाय कुणाला जाऊ देणार नाही. वेडा आहे म्हणतील. म्हणू देत. वेड्यालाच विचारा, आत काय आहे ते.