सुरगाण्याला, एका जुन्या भाषणासाठी

गंगापूर रोडवरच्या घरातून सकाळी सहाला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "दहा वर्षं सुचलं नाही. आता ऐन मे महिन्यात बरी आठवण झाली!" तिला सगळं ठाऊक आहे. तुम्हाला नाही, म्हणून आधी ते सांगतो.

नाशिकच्या एका दैनिकात मी बातमीदार होतो. व्याख्यानं, पुस्तक प्रकाशनं आणि पत्रकार परिषदा माझ्या वाट्याला. नव्वदच्या दशकात आमच्या शहरात वक्त्यांचं पीक द्राक्षांपेक्षा जोमात होतं, आणि त्यावर कधी गारपीटही होत नसे. भाषण सहाला सुरू व्हायचं आणि आमचं पान साडेसातला बंद. त्यामुळे एक रीतच पडली होती. आयोजक दुपारीच भाषणाची तयार बातमी पाकिटात घालून देत. आपण हॉलवर जायचं, बटाटेवडा खायचा, पाहुण्यांना नमस्कार घालायचा आणि सटकायचं. 'श्रोते मंत्रमुग्ध झाले' हे वाक्य तर मी श्रोते यायच्या आधीच लिहून मोकळा होत असे.

अशाच एका संध्याकाळी सुरगाण्याकडच्या काशिनाथ गुरुजींच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. पुस्तक त्यांच्या पाड्यातल्या (डोंगरातली छोटी वस्ती) बायका पाण्यासाठी किती चालतात, त्यावर. प्रमुख पाहुणे पाण्याच्या खात्यातले एक साहेब. पाकिटातली बातमी सांगत होती, 'पाड्याला नळ दिल्याबद्दल गुरुजींनी साहेबांचे जाहीर आभार मानले.' मी ती जशीच्या तशी उतरवली, दोन वडे खाल्ले आणि स्कूटरला किक मारली. गुरुजी बोलायला उभे राहिले ते त्यानंतर. ते म्हणाले, नळ आलाय, पाणी आलेलं नाही.

साहेबांनी माझ्या बातमीचं कात्रण फाइलला लावलं. गावच आभार मानतंय म्हटल्यावर टँकर कशाला? त्या उन्हाळ्यात पाड्याचा टँकर बंद झाला. गुरुजींनी खुलाशाचं पत्र पाठवलं. ते छापलं असतं तर मी हॉलमध्ये नव्हतोच हे संपादकांना कळलं असतं. पत्र मी खणात टाकलं आणि निवृत्तीच्या दिवशी, निरोपाच्या शालीसोबत, घरी आणलं.

तर सीबीएसवरून एसटी पकडली. दिंडोरीपर्यंत द्राक्षबागा, वणीला गरम भजी आणि गार चहा. पुढे घाट सुरू झाला. डोंगर उन्हाने करपलेले, मधूनच एखादा पळस हिरवा. वळणावळणाला भजी आपली आठवण करून देत होती.

सुरगाण्याहून जीप. आत चौदा माणसं आणि पिशवीतून मान काढून बसलेली एक कोंबडी.

"काका, सरका, अजून दोन बसतील," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठे सरकू? कोंबडीच्या पिशवीत?"

शेजारच्या बाई हसल्या. डोक्यावर पदर, मांडीवर रिकामा हंडा. म्हणाल्या, "कोनाकडं चालले?"

"काशिनाथ गुरुजींकडे."

"पानीवाले गुरुजी? नाशकात जाऊन पानी आलं म्हनून सांगून आले, ते?" सगळी जीप हसली. "पेपरात आलं हुतं ना! तवापास्नं चार मान्सांत त्ये बोलत नाय. लाजत असतील."

मी कोंबडीकडे बघत बसलो. तीही माझ्याकडेच बघत होती.

मी येतोय असं कार्ड टाकलं होतं. गुरुजी ओट्यावर बसूनच म्हणाले, "या. वडा नाय आमच्याकडे."

नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा. त्यांच्या पत्नीने वाढता वाढता विचारलं, "खाऊन लगेच निघणार का हे?"

जेवण झाल्यावर मी खिशातून माझा कबुलीचा लेख काढला. माझ्याच जुन्या पेपरात द्यायचा होता. गुरुजींनी चष्मा लावून सावकाश वाचला. शेवटाला आले आणि मोठ्याने वाचू लागले, "'गुरुजींनी माझा हात हातात घेतला. मोठ्या मनाने म्हणाले, झालं गेलं विसरून जा.'" चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे मी कधी म्हणालो?"

"अजून नाही."

"आणि तुम्ही लिहिलंत कधी?"

"परवा."

आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. माफी मागायला आलेला माणूस माफी मिळाल्याची बातमी खिशात घेऊन आला होता.

गुरुजी आत जाऊन घडीवर फाटलेले चार कागद घेऊन आले आणि मला पाड्याच्या मधोमध नळापाशी नेलं. मला दाखवायला नळ फिरवला. फुस्स करून वारा आला. लोक जमले. जीपमधल्या बाईही आल्या.

मी उभा राहून सांगितलं, "गुरुजी तसं बोललेच नव्हते. ते मी लिहिलं. न ऐकता."

बाईंनी हंडा खाली ठेवला. "म्हंजी आमी यांना धा वरसं..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. मला मात्र बोलल्या, आणि ते छापण्याजोगं नाही.

"आता बसा," गुरुजी मला म्हणाले. "संपेपर्यंत."

त्यांनी नाशकातलं ते भाषण पहिल्यापासून वाचलं. मध्येच शेवटच्या जीपचा हॉर्न वाजला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मांडी सोडली नाही.

"टँकरचं पन सांगा, गुरुजी," बाई म्हणाल्या.

"ते तेव्हाच्या भाषणात नव्हतं."

"मंग आता घाला!"

गुरुजींनी कागद खिशात ठेवले आणि तोंडीच बोलू लागले. चार माणसांत न बोलणारा तो माणूस ऊन उतरेपर्यंत बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने निघताना मी विचारलं, "गुरुजी, शेवट काय लिहू?"

"झालं तेवढं लिहा," ते म्हणाले आणि नागली पाखडायला बसले.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "माफ केलं का?"

"तसं ते काही बोलले नाहीत."

मग टेबलाशी बसून लेखाचा शेवट खोडला आणि झालं तेवढं लिहिलं. भाषण नळापाशी झालं. नळाला पाणी नव्हतं. श्रोते एकवीस. मंत्रमुग्ध कुणी झालं नाही, बहुतेक जण चिडले होते. प्रस्तुत बातमीदार शेवटपर्यंत हजर होता.